खांबेटे आणि गवत कापायची गाडी

कतारमधल्या दोहा शहरातल्या एका मोठ्या शोरूमच्या मधोमध, शुक्रवारी भर संध्याकाळी, दहा गिऱ्हाइकांच्या देखत खांबेट्यांनी पिशवीतून बायकोची पाचवारी साडी काढली आणि पँटवरून कमरेला गुंडाळायला घेतली. नुसती गुंडाळली नाही, निऱ्यासुद्धा घातल्या. मी शेजारी उभा होतो. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, ते तेव्हा.

सेल्समन केरळचा होता, बिचारा गरीब माणूस. तो म्हणाला, "सर, ये क्या करता है?"

"टेस्ट करता है!" खांबेटे गरजले. "तुम्हारे गाडी में साडी अटकता है के नहीं, वो कौन देखेगा? तुम्हारा कंपनी देखेगा? मैं देखेगा!" आणि निऱ्या सावरत ते त्या गवत कापायच्या गाडीवर चढून बसले. ही गाडी म्हणजे छोट्या ट्रॅक्टरसारखी असते. वर बसायचं, चाक फिरवायचं, पोटाखालची पाती गवत कापत जातात. पांढरा पायघोळ डिशडाशा घातलेले दोन कतारी गृहस्थ हातातली खोरी तशीच धरून बघत राहिले.

खांबेटे वेडे नव्हते. वेड्या माणसाचा राग येत नाही. खांबेट्यांचा यायचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आम्ही कतारमध्येच दुखानला तेलकंपनीच्या वसाहतीत राहत होतो. आमची आणि खांबेट्यांची भिंत एक. ते वर्कशॉपमध्ये पंपांचे फोरमन, मूळचे नाशिकचे, आणि धंद्याने निषेधक. "माझा निषेध! लिहून घ्या!" हे वाक्य ते दिवसातून चार वेळा म्हणायचे. क्लबातला सिनेमा पाच मिनिटं उशिरा सुरू झाला, निषेध. कँटीनच्या आमटीत गूळ नाही, निषेध. आमच्या हिने, सुलभाने, लोणच्यात मेथी जास्त घातली, तर कुंपणावरून बरणी परत आली, वर चिठ्ठी. आमच्या ओळीत सहा घरं. त्यातल्या तिघांशी त्यांचं बोलणं बंद होतं. अगदी टोकाला एक इंग्रज ड्रिलिंगसाहेब राहायचा. त्याच्या कुत्र्यावरून खांबेट्यांनी हाउसिंग ऑफिसला इतकी पत्रं लिहिली होती, की तिथल्या कारकुनाने त्यांची वेगळी फाइल केली होती. कोणाकडे कधी काही मागायचं नाही, हाही त्यांचा एक बाणा. मागतात ते मिंधे होतात, म्हणायचे. वाटीभर साखरसुद्धा कधी मागितली नाही. त्यापेक्षा ते बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि साखरेचा निषेध करायचे.

असल्या माणसाचं घर मालतीवहिनींनी कसं चालवलं, देव जाणे. त्या चारचौघांत कमी बोलायच्या. पण त्यांनी त्या चुनखडीच्या रखरखाटात हिरवळ केली होती. हरळी, दुसरं काही नाही. जी आपल्याकडे शेतातून उपटून बांधावर फेकतात, तीच. वहिनी तिला लेकरासारखं पाणी द्यायच्या, हाताने ढकलायच्या यंत्राने कापायच्या, आणि गणपतीला सगळ्या वसाहतीच्या दूर्वा त्यांच्या अंगणातून जायच्या. त्यांच्याकडूनच मुळं नेऊन पुढे आमच्या सगळ्या ओळीने अंगणात गवत लावलं, पण त्यांच्यासारखं कोणाला जमलं नाही.

मग एका उन्हाळ्यात नाशिकला रजेवर असताना वहिनींची डावी बाजू गेली. वाचा गेली नाही, हातही हळूहळू आला. डावा पाय मात्र ओढत राहिला. रजा संपली, खांबेटे एकटे परत आले. पाच महिन्यांनी वहिनींचं पत्र आलं. ते त्यांनी मला कुंपणाशी उभं करून वाचून दाखवलं, अर्थात निषेधाच्या सुरात.

"तिथे येऊन मी काय करू? खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून विचारपूस करून घेऊ? बसल्या जागी भाजी निवडायला इथेही मिळते. माझं असं काही काम असेल तर येते. नुसती बसायला येणार नाही."

"लिहून घ्या," खांबेटे म्हणाले. "काम पाहिजे म्हणते! तीस वर्षं काम केलं ते कमी पडलं!" पत्राची घडी मात्र त्यांनी फार हलक्या हाताने घातली. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात माझ्या टेबलाशी आले. "हिरवळ तिची आहे. ती बसून कापेल. शुक्रवारी तुमची गाडी काढा."

माझी गाडी. माझं पेट्रोल. माझा शुक्रवार. असे चार शुक्रवार गेले! दुखान ते दोहा दीड तास, दोहा ते दुखान दीड तास, आणि सगळा वेळ शेजारच्या सीटवरून माहितीपत्रकांचा निषेध. माहितीपत्रकात एक लठ्ठ गोरा माणूस गाडीवर बसलेला असायचा आणि मागे त्याची बायको सरबताचा ट्रे घेऊन उभी असायची.

"हे बघा! बायको ट्रे घेऊन उभी! गवत हा कापणार आणि हिने काय जन्मभर सरबतच द्यायचं? लिहून घ्या, ह्या कंपनीची गाडी आपण घेत नाही."

"खांबेटे, ते नुसतं चित्र आहे."

"चित्र काढणाऱ्याला अक्कल नको?"

दुकानात गेलं की त्यांचे तीन प्रश्न. चढायची पायरी किती उंच? चाकात साडी जाणार नाही कशावरून? आणि थांबवायचा पेडल डाव्या पायाला का? पहिल्या प्रश्नाला सेल्समन पट्टी आणायचे. दुसऱ्याला हसायचे. "सर, ये जेंट्स लोगों का मशीन है." त्यावर खांबेटे त्यांना स्कूटर समजावून सांगायचे. आमच्या देशात स्कूटरला मागे जाळी असते, साडी-गार्ड म्हणतात, आमच्या साध्या स्कूटरवाल्याला जे सुचतं ते तुमच्या एवढ्या मोठ्या अमेरिकन कंपनीला सुचू नये? आणि कोणी ऐकेना म्हणून चौथ्या शुक्रवारी त्यांनी ती साडी आणली.

तर तिथे, त्या साडीत, ते गाडीवर बसले असताना मॅनेजर आला. टाय लावलेला, घाईतला. खांबेट्यांनी तिसरा प्रश्न विचारला. डावा पाय चालत नसेल तर थांबवायचं कसं?

मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला, "जिसका पाँव नहीं चलता, उसका गार्डन में क्या काम? उसको घर में बिठाओ ना. यल्ला, खलास." म्हणजे चला, विषय संपला.

मी कानात बोटं घालायच्या तयारीत होतो. पण खांबेटे हळूच उतरले आणि साडी तशीच कमरेला ठेवून दाराबाहेर चालू लागले. भर रस्त्यात, साडीत, मान खाली घालून.

मग मात्र माझं डोकं फिरलं. चार शुक्रवार मी ज्या माणसावर चरफडत होतो, त्याच्यासाठी मी त्या मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला आणि ओरडलो, "प्रोटेस्ट! राइट इट डाउन!" काय लिहून घ्यायचं ते त्याला कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं. पण इतका संताप मला त्या देशात पुन्हा कधी आला नाही.

शेवटी गाडी मिळाली ती बाजारामागच्या एका लहान दुकानात. बुटकी, लाल, पायरी नऊ इंचांची. पेडल डाव्याच पायाला होता, पण खांबेटे म्हणाले, "आणा. पुढचं मी बघतो." तीन आठवडे वर्कशॉप सुटल्यावर ते तिच्याशी झटत होते. पेडलला सळई जोडून तिचा दांडा उजव्या हाताशी आणला. दोन्ही बाजूंना जाळीचं साडी-गार्ड बसवलं. पाठीला टेकू केला. मीही हाताखाली होतो. ब्रेक किती इंचांत लागतो, उंबऱ्यापुढचा उतार किती अंश, वळताना झोक किती जातो, आम्ही सगळं मोजलं. या काळात खांबेट्यांनी अंगणातल्या गवताला कोणाला हात लावू दिला नाही. गवत घोट्यापर्यंत आलं, हाउसिंगची नोटीस आली, निषेध गेला.

वहिनी डिसेंबरात आल्या. काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "पूजा केलीत का हिची?" निषेध करायला खांबेट्यांना वावच मिळाला नाही. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. वहिनींनी पदर खोचला, काठी माझ्या हातात दिली आणि टेकूला पाठ लावून बसल्या.

सगळी ओळ कुंपणाशी गोळा झाली होती. गाडी धडधडत निघाली. खांबेटे अनवाणी पुढे धावत खडे वेचत होते आणि ओरडत होते, "बघता काय सगळे? सिनेमा आहे का?" वहिनी मात्र बघणाऱ्यांकडे बघून हसल्या. वळणावर दांडा ओढून गाडी अशी थांबवली, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कापलेल्या हरळीचा वास सुटला. पट्टे वाकडेतिकडे येत होते. एरवी बोल्ट पाव आटा सैल असला तरी आकाशपाताळ एक करणारे खांबेटे त्या पट्ट्यांकडे डोळे भरून बघत होते.

आणि चौदा मिनिटांत गवत संपलं.

ती गाडी असते एकर-दोन एकरांसाठी. आम्ही दोन शहाण्यांनी पायरी मोजली, ब्रेक मोजला, अंगण मोजलं नाही. चाळीस फूट बाय तीस फूट.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं," खांबेटे म्हणाले.

"आता पुन्हा कधी?"

"थंडीत हरळी वाढत नाही गं फारशी. पंधरा दिवसांनी. वीस."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि काठीसाठी माझ्याकडे हात केला. संध्याकाळी आमची ही त्यांच्याकडे गेली, तर वहिनी खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या. परतीची तिकिटं कधीची मिळतात, असं त्यांनी हिला सहज विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या फाटकाशी खांबेटे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. अकरा वर्षांत ते फाटकातून कधी आले नव्हते, जे काय बोलायचं ते कुंपणावरून.

"तुमचं गवत फार वाढलंय," ते तावातावाने म्हणाले. "वसाहतीला शोभत नाही हे. मी निषेध..."

मी आदल्याच दिवशी सकाळी कापलं होतं. ते त्यांनी पाहिलंही होतं. त्यांनी खाली बघितलं, बोलणं अर्धवट राहिलं. कुंपणापलीकडे ती लाल गाडी पुसून उन्हात उभी होती.

"तिला कापू द्याल का?" खांबेटे म्हणाले. एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, जंगल झालंय नुसतं," मी म्हणालो. "उद्याच सांगा वहिनींना. मला कुठे वेळ होतो?" आणि मी उगाचच नळ बंद करायला गेलो.

ते तसेच पुढे निघाले. ज्यांच्याशी दोन-दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्या फाटकांशी एकेक करून थांबले. शेवटी इंग्रजाचं घर आलं. कुत्रा जीव तोडून भुंकत होता. साहेब बाहेर आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी आपल्या अंगणातून बघत होतो. खांबेटे त्याला काहीतरी सांगत होते, मध्येच आपल्या लाल गाडीकडे हात करत होते. मग वारा माझ्या बाजूला वळला आणि एकच शब्द स्पष्ट ऐकू आला.

"प्लीज," खांबेटे म्हणत होते. "सर, प्लीज."