गावसांचा धरणारा कुत्रा

जेवायला बसलं की गावस आधी कांदा उचलून वर्तमानपत्राच्या मधोमध ठेवत. तो कांदा म्हणजे रानडुक्कर. भोवती लसणीच्या पाकळ्या, म्हणजे भुंकणारे कुत्रे. आणि मांडीशी झाकून ठेवलेली हिरवी मिरची, म्हणजे डुकराचा कान पकडून त्याला जाग्यावर दाबून ठेवणारा कुत्रा. "धरणारो कुत्रो शेवटाक सोडूचो," असं म्हणून ते मिरची तशीच दाबून ठेवत. आम्ही दिवसभर दुबईत रास अल खोरच्या गोदामात खोकी उचलून आलेलो. डोळे मिटत, पण कांदा काही हाती लागत नसे.

खोलीतले तिसरे इब्राहिमभाई, रत्नागिरीचे. जेवताना त्या जनावराचं नाव नको, एवढंच त्यांनी सांगितलं. गावसांनी ते पाळलं आणि डुकराला 'मोठा' म्हणू लागले. 'मोठ्याचे कान दोन्ही बाजूंनी धरायचे' हे आमच्या मराठी सुपरवायझरने एकदा दारातून ऐकलं, आणि पुढे बरेच दिवस तो गावसांशी जपून वागला.

गावस सिंधुदुर्गातले. तिकडे शेतात डुक्कर शिरलं की त्यांचा भाऊ बापू शुक्रवारी गावच्या एसटीडी बूथवर येऊन थांबे. इकडे गावस बर दुबई भागातल्या बूथमध्ये फोनचं कार्ड घालून त्याला हुकूम देत: आधी भुंकणारे सोडा. डुक्कर थकून उभं राहिलं की धरणारा बंड्या. गळ्याला जाड कातडी पट्टा बांधल्याशिवाय बंड्याला सोडायचं नाही. बंड्या गावसांनी पिल्लापासून वाढवलेला.

एका पावसाळ्यात शेतात दांडगा सुळेवाला नर आला. त्याने दोन कुत्रे फाडले, भाताची नासाडी चालवली. बापूने विचारलं, बंड्याला सोडू का? बंड्या म्हातारा झाला होता. गावसांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलं.

तो आठवडा आम्हाला फार जड गेला. रोज कांदा, रोज मिरची. इब्राहिमभाई म्हणाले, पट्टा दुहेरी करा. मी वैतागून म्हणालो, सोडा नाहीतर बांधा, पण विषय एकदाचा खलास करा. गावस मिरचीकडे बघत बसले.

शुक्रवारी मीही बूथपर्यंत गेलो.

"बापू, बंड्याक सोडू नको."

बापूचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. पीक गेलं तर वर्षभर खायचं काय, असं तो विचारत होता.

"भात परत लावूक येता," गावस म्हणाले. मग बंड्या सोबत आलाय का विचारलं, आणि रिसीव्हर त्याच्या कानाला धरायला सांगितलं. बापूने काय केलं कोण जाणे. गावस मात्र भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मला एवढंच कळलं, "जेवलंस मा?"

परतताना पलीकडे नेणाऱ्या अब्राची, म्हणजे होडीची, वाट बघत आम्ही खाडीवर उभे होतो. मी विचारलं नव्हतं, तरी ते सांगू लागले.

"गेल्या रजेत एसटीतून उतरलंय, तर पोरगी माका वळखूक नाय. आईच्या पाठी लपली. बंड्यान वळखल्यान."

त्या वर्षी शेतातलं पीक गेलं. बापू रागाने बूथवर यायचा बंद झाला. गावस तरी दर शुक्रवारी फोन लावत, आणि तिकडच्या बूथवाल्याला विचारत, आज बंड्या रस्त्याने जाताना दिसला का.