फक्कीत आखलेलं घर

"घर बांधायला डोकं लागतं, इंजिनिअर न्हाय!" असं मल्लेशनं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ठणकावून सांगितलं, आणि तिथूनच त्याचे ग्रह फिरले.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो तयार पार्ट तपासायला होता. केसाएवढा फरक दिसला तरी अख्खी ट्रॉली नापास! दिवसभर मापंच घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराचं माप दुसऱ्याकडून काढून घ्यायचं? शिवाय बजेट आधीच आवळून बांधलेलं. त्यानं चौकटीच्या कागदावर स्वतःच घर काढलं. पुढं हॉल, मग स्वयंपाकघर, बेडरूम आणि मागच्या कोपऱ्यात अव्वाची, म्हणजे आईची, खोली.

या शेवटच्या खोलीसाठीच तर सगळा खटाटोप! अप्पा गेले, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती दिली, तेव्हापासून शांतव्वा बिद्री गावच्या घरात एकट्या राहत होत्या. गुडघे कामातून गेलेले, पाणीसुद्धा शेजाऱ्यांनी भरून द्यायचं. पण शाहूपुरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत यायला म्हातारी तयार नव्हती. "सुनंच्या पायात कशाला घुटमळू?" म्हणायची. शेवटी मल्लेशनं शब्द दिला, "अव्वा, नव्या घरात तुला सवतंत्र खोली. दार लावलंस की आत तुझं राज्य!" या शब्दावर तिनं गावचं घर पुतण्याला देऊन टाकलं आणि देवाची पेटी घेऊन ती पोराकडं आली. परतीची वाटच ठेवली नाही.

रविवारी केरबा गवंड्याच्या माणसांनी प्लॉटवर चुन्याची पांढरी फक्की मारली. रेघारेघांचं घर तयार! आता ज्यांनी घर बांधलंय त्यांना ठाऊकच असेल, फक्कीत आखलेली खोली भलतीच बारकी दिसते. भिंती उठल्या की तीच ऐसपैस वाटायला लागते. पण तोवर दम कुणाला? आणि कोल्हापुरात आखणी बघायला येणारा माणूस गप्प बसायला येत नाही.

पहिला मान बायकोचा. सौंदर्या रेघेच्या आत शिरली, हवेतल्या ओट्यावर हवेतली भाकरी थापली आणि वळून हवेतला फ्रिज उघडला.

"अहो, फ्रिजचं दार माझ्या पाठीला लागतंय की!"

"कुठला फ्रिज?"

"हा काय हितला! दिसत न्हाय व्हय?"

मल्लेशनं चपलेनं रेघ पुसली आणि मागं सरकवली.

मग आले हंबीरराव, मल्लेशचे साहेब. त्यांनी दोन बंगले बांधलेले, त्यामुळं या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

"मल्लेश, गाडी कुठं लावणार?"

"साहेब, गाडी न्हाय आपल्याकडं."

"आज न्हाय, उद्या घेशील की! मग काय उशाला घेऊन झोपणार? हॉल मागं घे!"

हॉल मागं गेला. हॉलनं स्वयंपाकघराला ढकललं, स्वयंपाकघरानं बेडरूमला. बेडरूममध्ये कपाट मावेना, म्हणून तीही मागं. पुढं रस्ता, त्यामुळं जो तो मागंच! एसटीच्या बाकड्यावर चौथा माणूस घुसला की कडेचा कसा अर्धा बाहेर लोंबकळतो, तशी मागच्या कोपऱ्यातल्या खोलीची गत झाली.

त्या खोलीची मालकीण बांधाला बसून सगळ्यांना थर्मासातला चहा ओतून देत होती. तिला कुणी काही विचारलंच नाही! इथं मात्र मला मल्लेशचा भयंकर राग येतो. लोखंडाला शंभरदा माप लावणाऱ्या माणसानं एकदा आईला विचारायला नको होतं, "अव्वा, तुला पुरंल न्हवं?"

सोमवारी जेसीबी आला. केरबानं बघितलं, तीन खोल्या आणि मागं एक इवलासा चौकोन. बरोबर की, संडासाची सेफ्टी टाकी! तरी खात्री करावी म्हणून त्यानं फोन लावला.

"सायेब, मागचा चौकोन खोल घ्यायचा न्हवं?"

"सगळं आखल्यापरमानं घे!" मल्लेशनं हातातल्या पार्टवरची नजर न काढता सांगितलं.

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बायकोला आणि अव्वाला घेऊन प्लॉटवर पोचला. शांतव्वांनी हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, बेडरूम बघितली.

"आन माझी रं?"

सगळे कोपऱ्यातल्या खड्ड्याकडं बघायला लागले.

"ती सेफ्टी टाकी हाय, आज्जी," केरबा म्हणाला.

मल्लेशनं खोल्या मोजल्या. परत मोजल्या. चांगली ऐसपैस खोली रविवारच्या एका दिवसात गाडी, फ्रिज आणि कपाटानं मिळून खाल्ली होती!

शांतव्वा काठावर टेकल्या आणि मऊ मातीवरून घसरत सरळ खड्ड्यात उतरल्या. दुखरे गुडघे दुमडून मांडी घातली. दोन्ही हात पसरून दोन्हीकडची माती चाचपली.

"अव्वा! काय करतीयास? वर ये!"

"माप घेतीया. तू घेतलं न्हाईस न्हवं?"

म्हातारीनं पदर सावरला.

"मावते की रं. तुझ्या अप्पास्नीबी एवढ्याच खड्ड्यात मांडी घालून बसवलंतं. मावले की न्हाय? उगं जिवाला लावून घेऊ नगंस. दार नसलं तरी चालंल."

केरबानं डोक्यावरची टोपी काढली. सौंदर्यानं तोंडावर ओढणी दाबली. मल्लेशला तर रडूच कोसळलं. शरम, राग, माया सगळं एकदम! आणि आपल्याकडचा माणूस रडतानाही ओरडूनच रडतो.

"पार्किंग रद्द! फ्रिज हॉलमधी! अव्वाची खोली आदी हुती तेवढी, तिथंच! आन हा खड्डा बुजवा! आत्ताच्या आत्ता!"

जेसीबीवाला वर केबिनमध्ये. इंजिनाच्या धडधडीत त्याला खालचं रामायण काय कळणार? 'खड्डा बुजवा', हा सकाळपासूनचा मालकाचा पहिला स्पष्ट हुकूम तेवढा कानावर आला. त्यानं दांडा ओढला. मातीनं शिगोशीग भरलेलं बकेट उचललं गेलं, गर्रकन फिरलं आणि खड्ड्यावर येऊन वाकायला लागलं.

"आरं थांब! थांब!" मल्लेश, केरबा, सौंदर्या, तिघंही हात हलवत किंचाळले.

त्या सगळ्यांच्या वर एक आवाज खड्ड्यातून आला.

"थांब की रं मुडद्या! अजून हाय मी!"