पितळेचा कीस

तेलाच्या बाबतीत आख्ख्या विस्कॉन्सिनात माझा हात धरणारा कोणी नाही! कागदाच्या या गिरणीत एकतीस वर्षं मी यंत्रांना तेल घालतोय. कुठला गिअरबॉक्स कधी कुरकुरणार, हे मला त्याच्या आधी कळतं. असल्या माणसाला एका बाईचा फोन यावा म्हणून युक्ती काढणं काय जड होतं?

बाई म्हणजे मारित काल्लिओ. चार तासांवर, डुलुथच्या प्रयोगशाळेत ती आमचं तेल तपासते. दर महिन्याला मी बाटलीत नमुना भरायचा, लेबल लिहायचं, की तिचा अहवाल यायचा. आठ वर्षांपूर्वी बायको गेली, त्याच हिवाळ्यात शेऱ्याच्या रकान्यात तिचं अक्षर पहिल्यांदा उमटलं : 'तेल उत्तम. लेबलवरचा डाग माशाचा. शुक्रवारी ताव मारलेला दिसतो!' तेव्हापासून महिन्याला एक ओळ. तिला कधी पाहिलं नव्हतं, पण त्या एका ओळीवर माझा महिना निघायचा.

आणि गेले तीन महिने रकाना कोरा! जीव नुसता कासावीस झाला.

तेल चांगलं असलं तर अहवाल येतो, धोक्याचं असलं तर फोन. म्हणून मी घराची पितळी किल्ली कानशीने घासली आणि चिमूटभर कीस बाटलीत टाकला.

फोन आला. मला नव्हे, थेट मॅनेजर डुएनला!

"ऑरिन! तीन नंबरचा गिअरबॉक्स झिजतोय म्हणे! बंद कर मशीन!"

"अरे, इतकं काही नसेल..."

"तू गप! एकतीस वर्षं काय डोळे मिटून तेल घालत होतास?"

मशीन थांबलं. क्रेन आली. आठ जणांनी झाकण उचललं. आतले दाते असे लखलखीत, की डुएनने त्यात मिशी बघून घेतली! खोट सापडेना, म्हणून फिटरांनी शेजारचाही गिअरबॉक्स उघडला. खरं सांगावं तर नोकरी जाणार. मी घाम पुसत उभा राहिलो.

तेवढ्यात बर्फातून प्रयोगशाळेची गाडी आली. मारित स्वतः! पिकलेले केस, जाड चष्मा. आठ वर्षं मनात किती वाक्यं जमवली होती. तोंडातून निघालं, "तेल... कसं आहे?"

तिने आत टॉर्च मारला. "या गिअरबॉक्समध्ये पितळ औषधालाही नाही. मग बाटलीत आलं कुठून?"

एकतीस वर्षं! आणि हे मला सुचू नये!

तिची नजर माझ्या पट्ट्याच्या किल्ल्यांवर गेली. "ऑरिन हाल्वरसन तुम्हीच ना? ती चकचकीत द्या बघू."

मी दिली. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही रिटायर झालात. तीन महिने लेबलं छापील येतायत."

"ऑफिसने कॉम्प्युटर आणला," मी पुटपुटलो. "मी इथेच आहे."

चार दिवसांनी अहवाल आला : 'तेल निर्दोष. किल्ली पुराव्यादाखल ठेवली आहे. मालकाने स्वतः येऊन न्यावी.'

सगळं कळल्यावर डुएनने नोकरी ठेवली, पण मार्चपर्यंत माझी रजा बंद केली. शनिवार-रविवार प्रयोगशाळेला कुलूप. तोवर मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरात शिरतो. बासष्टाव्या वर्षी, बर्फात!

कुलूपवाला हार्लन म्हणतो, "वीस मिनिटांत दुसरी करून देतो की!"

नको म्हटलं. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे आहे, तेवढं राहू दे.