बाळराजांच्या मुकाट उगवलेल्या दाढेची बखर

श्रीगजानन, जो स्वयें एकदंत, त्याचे स्मरण करून हे वर्तमान लिहिले. शके सतराशे एकतीस, शुक्लनाम संवत्सरी, एके राज्यी (नाव लिहावयाची आज्ञा नाही) बाळराजे रायाजी यांचे मुखी जो अनर्थ गुदरला तो आम्ही डोळां पाहिला. अद्याप आठविता अंगावर काटा येतो.

बाळराजे तान्हे असता दाई कृष्णाक्का त्यांस निजवावयास गुळपाण्यात भिजविलेला फडक्याचा बोळा तोंडी देई, आणि राजे चोखता चोखता निजत, आणि महालात शांतता होई, म्हणोन सर्व संतुष्ट. मग दात आले आणि पुढले काळेही पडले. तेसमयी दंतवैद्य त्रिंबकशास्त्री यांनी अर्ज केला की, "बोळा बंद करावा, दूध पाजल्यावर ओल्या फडक्याने तोंड पुसावे, आणि दात नित्य घासावे." त्यावर दाई बोलिली, "अहो शास्त्रीबुवा, दुधाचे दात ते! पडायचेच आहेत. लेकराला उगाच कशाला रडवता?" राणीसाहेब चंपाऊ हसल्या आणि शास्त्रीबुवा निघोन गेले. त्या राज्याची चाल ऐसी की, राजपुत्राचा दुधाचा दात पडला की तो कोठीमागील बिळात टाकावा, "उंदीरमामा, जुना घे, नवा दे" म्हणावे, आणि किल्ल्यावरून तोफ उडवावी. उंदीर नवा देणार, मग जुन्याची काळजी कोण करतो!

आणि सहावे वर्षी भलतेच जाहले. दुधाच्या दाढांच्या मागे, काही न पडता, एक दाढ आपली आपण उगवली. पडले काही नाही म्हणोन तोफ नाही, तोफ नाही म्हणोन खबर नाही. दाईने बोट घालोन चाचपले आणि म्हणाली, "आणखी एक दुधाची." झाले! मग तीस कीड लागली, आणि राजे एकाच अंगाने चावू लागले, आणि जो तो म्हणे, पडेल, पडेल. मग पौष मासी एके सकाळी राजांचा गाल सुजला, आणि दुपारी डोळा मिटला, आणि अंग तापले, आणि पाणी गिळवेना. तेव्हा महालात जे भय शिरले ते काय सांगावे! राणीसाहेब उंबरठ्यातच बसल्या. रणात पाठ न दाखविणारे महाराज खांबास धरून उभे.

शास्त्रीबुवा धावत आले, गाल चाचपून तोंडात पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "महाराज, ही दुधाची नव्हे, ही जन्माची दाढ, गेली की पुन्हा येत नाही. हिच्या आधी काही पडत नसते, म्हणोनच फसगत होते. आधी दाखविली असती तर राखिली असती. आता विष गालात उतरले. उपटली नाही तर जिवाची शाश्वती नाही." राजांनी ते ऐकिले आणि पुसले, "आऊ, मी मरणार का गं?" मग राणीसाहेब ओरडल्या, "उपटा! माझे लेकरू तेवढे राहू द्या!" मग दोघा सेवकांनी राजांचे हात धरिले, आणि चिमटा आत गेला, आणि जी किंकाळी उठली ती आमच्या कानातून आजतागायत जात नाही. मग पू वाहिला. दुसरे दिवशी ताप उतरला आणि राजांनी पेज मागितली.

बरे वाटताच राजे दाढ मुठीत घेऊन आपले पायी बिळापाशी गेले, उंदीरमामास सांगितले, आणि किल्ल्याकडे पाहत उभे राहिले. गोलंदाज वात घेऊन तयार, परंतु हुकूम कोणी देईना. राजे म्हणाले, "आऊ, तोफ का नाही?" राणीसाहेबांनी पदर तोंडात कोंबला.

मग त्या तडक पाळण्यापाशी गेल्या. धाकटी राजकन्या बोळा चोखीत होती. तो ओढोन फेकिला, आणि ओले फडके बोटास गुंडाळून कन्येच्या हिरड्या पुसल्या.

सारांश, राजे वाचले, दाढ गेली ती गेली. रोज सकाळी राजे, नवी दाढ आली का म्हणोन, बिळात वाकोन पाहतात, आणि त्यांस खरे सांगावयास राज्यात कोणी धजत नाही. येणेप्रमाणे वर्तमान जाहले.