नोंदीत बरी असलेली मुलगी

देशाच्या नोंदीत जसं लिहिलं असेल तसंच दवाखान्यातल्या मशीनचे किरण वागतात. समोर झोपलेल्या माणसाकडे ते आता बघत नाहीत. पूर्वी बघायचे म्हणे. पण एका गावचे किरण एक करायचे, दुसऱ्या गावचे दुसरंच. म्हणून कॅन्सरच्या गाठीला जिथे जिथे लाईट देतात तिथली सगळी माहिती गोळा करून अख्ख्या देशाची एक नोंद करायला घेतली, आणि किरणांना तिच्याशी बांधून दिलं. यात वाईट काही नाही. शिस्त लागते.

माझी हर्षाली सहा वर्षांची. तिच्या डाव्या डोळ्यामागे गोळा आहे. लाईट घेताना डोकं हलू नये म्हणून प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तिच्या तोंडावर दाबली आणि मुखवटा केला. तो टेबलाला अडकवतात. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहून आम्ही रोज लाईट घेत होतो, तरी डोळा पुढे येतच चालला. डोक्याचा फोटो काढला तर गोळा वाढलेला.

मशीनवाल्या मॅडमनी सगळं तपासलं. "मशीन ठीक आहे, ताई. किरण निघतात, बाळापर्यंत जातात, नोंद वाचतात आणि परत येतात. नोंदीत लिहिलंय, मुलगी बरी आहे. बऱ्या माणसाला ते हात लावत नाहीत."

मी नोंदणीच्या खिडकीवर गेले. तिथे पाचपोर सर बसतात.

"हे कुणी लिहिलं, सर?"

"तुम्हीच सांगितलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, मुलगी कशी आहे? तुम्ही म्हणालात, बरी आहे."

म्हणाले असेन. दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे लेकराचं वाईट तोंडातून काढत नाहीत. वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, कुठल्या शब्दाला म्हणेल त्याचा नेम नाही. आणि दवाखाना झाला तरी वास्तूच.

"तुमचं एकटीचं नाही," पाचपोर सर म्हणाले. "सगळ्याच आया हेच सांगतात. नोंदीप्रमाणे देशात एकही आजारी लेकरू नाही. वरून कौतुक आलंय."

"मग आता बदला ना."

"ज्या तोंडानं सांगितलं त्याच तोंडानं बदलावं लागतं. मशीनशेजारच्या खोलीत माईक आहे. काय झालंय, किती झालंय, स्पष्ट बोलायचं. जेवढं बोलाल तेवढ्यावरच किरण काम करतील. आणि विचार करून बोला. बोललेलं नोंदीत कायमचं राहतं, खोडायची सोय नाही."

मी विचार करून बोलले. माईकपुढे म्हणाले, "तिला थोडी कणकण आहे." त्या दिवशी किरणांनी कणकण घालवली. पुढच्या दिवशी म्हणाले, "डोकं दुखतं, डोळा जरा सुजलाय." डोकं दुखायचं थांबलं, सूज थोडी उतरली. हर्षाली वरणात पोळी कुस्करून पोटभर जेवली. मला वाटलं, असंच थोडं थोडं सांगत गेलं तर भागेल.

मग नवा फोटो आला. गोळा मेंदूकडे सरकला होता. त्याचं नाव मी घेतलंच नव्हतं.

"आता नुसतं गोळा म्हणूनही पुरणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण ताकद लागेल. गोळ्यानं शेवटी काय होणार, ते बोला."

"म्हणजे काय बोलू?"

मॅडमनी खाली बघितलं. "तुम्हाला माहितीये, ताई."

धर्मशाळेत सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "नको वं माय. तुह्या तोंडातून गेलं अन् तसंच झालं, त मंग?"

"नाही बोलले तरी होणारच आहे, आत्याबाई."

"होऊ दे. पण आपण बोलावून आणलं, असं त नाही होणार."

मी मनगट सोडवून घेतलं आणि हर्षालीचं अंथरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाहेरच्या बाकावर कानात बोटं घालून बसल्या. मी माईकपाशी उभी राहिले. काचेपलीकडे टेबलावर हर्षाली जाळीखाली. खोलीतलं बोलणं तिला ऐकू जातं आणि तिचं आम्हाला येतं. आत एकटं लेकरू घाबरू नये म्हणून तशी सोय केली आहे. ती बंद करता येते का, मी विचारलं. येत नाही.

मी म्हणाले, "हर्षालीला डोळ्यामागे गोळा आहे. त्यानं ती..." पुढचं ओठातल्या ओठात म्हणाले. वास्तूला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

मशीन सुरू झालं नाही. मॅडमनी नाही अशी मान हलवली. मी तेच पुन्हा म्हणाले, पहिल्यापेक्षाही हळू झालं ते.

मग भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. जाळीत तोंड उघडत नाही, दातांवर दात ठेवूनच बोलते ती.

"आई, मोठ्यानं सांग. लाईटला ऐकूच नाही गेलं."

मी मोठ्यानं सांगितलं.

लाल दिवा लागला. किरण गेले ते परत आले नाहीत, चांगलं झालं, असं मॅडम म्हणाल्या. पाचपोर सरांनी खिडकीतूनच समजावून सांगितलं की बोललेलं नोंदीत कायमचं राहत असलं तरी किरण ते त्या दिवसापुरतंच धरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं 'बरी आहे' वाचतात. लाईट संपेपर्यंत रोज यायचं, आणि रोज तेवढ्याच मोठ्यानं.