प्रत्येक विभागात एक पोळं

तक्ता करावा तर मीच, असं मी कचेरीत रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी जाहीर केलं होतं. त्यामुळे आमच्या शाळा विभागाची शेजारच्या तीन विभागांशी तुलना करायचं काम आपसूक माझ्याच गळ्यात पडलं. कोणाकडे किती मुलांना जादा शिकवणी लागते, अनुदान किती, खर्च किती, सगळं.

काम किरकोळ नव्हतं. वाचनात मागे पडलेल्या मुलांना आमच्याकडे एकच बाई शिकवतात, आणि त्या बाई म्हणजे माझी वहिनी. शेजारी याहून कमी खर्चात भागवत असतील तर हे पद रद्द, असं समितीने ठरवलं होतं.

"भावजी, माझी नोकरी तुमच्या हातात आहे," वहिनी म्हणाली. "म्हणून तर झोप लागत नाही."

मी तिन्ही विभागांना फॉर्म पाठवले. कसा भरायचा ते कळावं म्हणून वर एक नमुना ओळ मनानेच लिहिली: गरजू मुलं एक्केचाळीस, शिक्षिका एक. 'इतर अडचणी' हा रकाना ओकाबोका दिसत होता, म्हणून तिथे 'छपरावर मधमाश्यांचं पोळं'.

फॉर्म दुसऱ्याच दिवशी परत आले. कचेरीचा कागद इतक्या लवकर परत आला की शहाण्याने घाबरावं. मी चहा मागवला.

बैठकीत मी ऐटीत वाचू लागलो. पहिला विभाग: एक्केचाळीस मुलं, एक शिक्षिका, एक पोळं. दुसरा: एक्केचाळीस, एक, पोळं. तिसऱ्यापर्यंत माझा आवाज उंदराएवढा झाला. तिघांनीही माझी नमुना ओळच उतरवून काढली होती.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तिन्हीकडे पोळं?"

तिथले अधिकारी समोरच बसले होते. न वाचता सही केली, हे कबूल कोण करणार?

"जुनंच आहे," पहिले म्हणाले.

"आमचं जरा मोठं आहे," दुसरे म्हणाले.

"आमच्या शिपायाला काल चावल्या," तिसऱ्यांनी वरकडी केली.

वहिनीचं पद सुखरूप होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. पण अध्यक्ष म्हणाले, "उद्यापासून सगळ्या शाळा बंद. अग्निशामक दलाला फोन लावा."

"साहेब," मी म्हणालो, "ती पोळी माझी आहेत."

मग अध्यक्षांनी तिघांनाही तिथल्या तिथे आपापल्या शाळांना फोन लावायला बसवलं. खरे आकडे आले: तेहतीस मुलांना दोन शिक्षिका, एकोणतीस जणांना दोन, अडतीस जणांना तीन. आणि आमच्याकडे? बावन्न मुलं, एकटी वहिनी.

पद कायम झालंच, वर जोडीला आणखी एक शिक्षक मंजूर झाला.

घरी हे सांगितलं तेव्हा वहिनी मटकन खुर्चीत बसली आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली. "नवीन शिक्षक कधी येणार?"

"नेमणुकीला सहा महिने लागतील. तोवर समितीने तात्पुरती सोय केलीय."

"कोणाची?"

"माझी."

वहिनीचं हसू जागच्या जागी थांबलं. "सोमवारी साडेसातला या," ती म्हणाली. "आणि वर्गात मला वहिनी म्हणायचं नाही."