फिल्टर बदलण्याचं दोन मिनिटांचं काम

फ्रिजच्या दारावरचा लाल दिवा गेल्या उन्हाळ्यात लागला होता. पाण्याचा फिल्टर बदला, एवढंच त्याचं म्हणणं. व्हर्लिन स्कोगस्टाडने त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि प्रश्न मिटवला. व्हर्लिनचा जन्म शेतकऱ्यांना मक्याचं बियाणं विकण्यात गेला होता, त्यामुळे समोरच्याला खात्री देणं त्याला श्वासाइतकं सोपं होतं. (बियाणं उगवलं नाही तर तो हवामानाला दोष द्यायचा.) आता निवृत्त झाल्यावर खात्री द्यायला घरात फक्त बायको आर्डिस उरली होती, आणि ती काही घेत नव्हती.

पण ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी ती चिकटपट्टी गळून पडली. आणि नेमकी त्याच दुपारी बोर्गिल्ड हॉगेन कॉफीला येणार होती.

बोर्गिल्ड साधी पाहुणी नव्हती. मिनेसोटातल्या एल्म फोर्क गावच्या लुथरन चर्चमध्ये दर वर्षी थंडीच्या तोंडावर माशाचं जेवण असतं, आणि त्या जेवणाची कॉफी बोर्गिल्ड करते. अंड्याची कॉफी. दळलेल्या कॉफीत अख्खं अंडं कवचासकट चुरडून कालवायचं, ते उकळत्या पाण्यात सोडायचं, वरून थंड पाण्याचा हबका मारायचा. सगळा गाळ तळाला बसतो आणि कॉफी अशी निघते की कपाचा तळ दिसावा. चर्चचं ते निळं, मुलाला आंघोळ घालता येईल एवढं भांडं ज्या बाईच्या हातात, तिचा गावात मान मोठा. आता बोर्गिल्डची मनगटं दुखत होती आणि भांडं कुणाला तरी द्यायचं होतं. तसं ती बोलली नव्हती. ती फक्त एकेकीकडे कॉफीला जाऊ लागली होती. मागच्या आठवड्यात ती चर्चमधल्याच मार्लिसकडे जाऊन आली, हे कळल्यापासून आर्डिसला झोप नव्हती.

आर्डिसला ते भांडं हवं होतं. हेही तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आपल्याला काय हवंय ते एल्म फोर्कमध्ये तोंडाने सांगणं म्हणजे परकर न नेसता रस्त्यावर जाण्यासारखं. तिथे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा म्हणायचं, "छे, नको." दुसऱ्यांदा म्हणायचं, "नको हो, उगाच कशाला." आणि तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून, "आता तुमचा एवढा आग्रहच असेल तर." पाळण्यातली पोरंसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय बाटली तोंडात घेत नसावीत.

"मी बहिणीकडून चांगले कप घेऊन येते," आर्डिस म्हणाली. "तू कशालाही हात लावू नकोस."

तिची गाडी वळणाआड गेली आणि व्हर्लिनने उघड्या पडलेल्या लाल दिव्याकडे पाहिलं. इतक्या महत्त्वाच्या कॉफीला जुन्या फिल्टरचं पाणी? बायकोच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि आपण नुसतं बसून राहायचं? नवा फिल्टर खोक्यात तसाच पडून होता. दोन मिनिटांचं काम. त्याने बाह्या सरसावल्या.

जुना फिल्टर फ्रिजच्या आतल्या वरच्या कोपऱ्यातून सहज निघाला. व्हर्लिन स्वतःशीच हसला. खोक्यात माहितीचा कागद होता, त्या कागदाने त्याने चष्मा पुसला. त्या कागदात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की जुन्या फिल्टरची रबरी चकती वर अडकून राहिलेली नाही ना ते बघा. व्हर्लिनने वाचलं नाही. चकती वरच होती. त्याने नवा फिल्टर तिच्यावरच दाबला आणि पिळला.

आतून एक बारीक शिट्टी वाजली आणि पाण्याची धार थेट त्याच्या चष्म्यावर आली. त्याने तळहाताने फिल्टर वर रेटला तशी धार कमी झाली, पण कोपरावरून ओघळ सुरूच राहिला. हात जरा सैल केला की पाणी खालच्या फळीकडे धावायचं, आणि त्या फळीवर आर्डिसने पहाटे उठून केलेल्या लिंबाच्या वड्यांची थाळी होती. म्हणजे हात सोडता येत नव्हता, थाळी काढता येत नव्हती आणि पाणी बंद करायची कळ तळघरात होती. व्हर्लिन अर्धा फ्रिजमध्ये, अर्धा बाहेर, असा उभा राहिला. परिस्थिती आपल्या ताब्यात आहे असं त्याला अजून वाटत होतं, आणि एका हाताच्या हिशेबाने ते खरंही होतं.

तेवढ्यात मागच्या दारातून शेजारचा डॉमिनिक आत आला. उसनी नेलेली शिडी परत करायला आला होता. चांगला माणूस, पण न्यू जर्सीचा, गावात येऊन वर्षच झालेलं. त्याने पाण्याचं तळं पाहिलं, व्हर्लिनची पाठ पाहिली.

"मदत करू का?" त्याने विचारलं.

देव पावला, असं व्हर्लिनला वाटलं. पण रीत ती रीत. "छे, नको," तो म्हणाला. "जमतंय की."

"बरं," डॉमिनिक म्हणाला आणि गेला.

व्हर्लिन थांबला. त्याला वाटलं, दारापर्यंत जाऊन वळेल. मग वाटलं, शिडी ठेवून येईल. मग बाहेर डॉमिनिकच्या अंगणात दाताळ्याने पानं ओढल्याचा आवाज सुरू झाला, आणि व्हर्लिनला मनापासून राग आला. बुडणाऱ्या माणसाला एकदाच विचारायचं? ही कुठली माणुसकी? (हाक मारायचं त्याच्या मनात आलंच नाही. हाक मारणं म्हणजे मागणंच झालं.)

आर्डिस आली तेव्हा त्याचा हात निळा पडला होता. तिने कप ठेवले, ती तळघरात गेली, कळ फिरवली, वर आली, नवऱ्याला बाजूला सारलं, बोट घालून वरची चकती काढली आणि फिल्टर बसवला. "मी तेच करणार होतो," व्हर्लिन म्हणाला. वड्या तेवढ्या कोरड्या होत्या, आणि ते मात्र खरोखर त्याचंच काम होतं.

परत तळघरात जाऊन कळ सोडून आल्यावर तिने फडकं मागच्या पायरीवर पिळलं. तिथून डॉमिनिक दिसला तेव्हा रीत म्हणून म्हणाली, "या की कॉफीला."

"येतो," डॉमिनिक म्हणाला. आर्डिसच्या हातून फडकं पडलं.

बोर्गिल्ड वेळेवर आली. चौघं टेबलाभोवती बसली. तिने कप उचलला, तिरका करून तळ पाहिला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वाईट नाही," ती म्हणाली.

याहून मोठी स्तुती एल्म फोर्कमध्ये कुणी कुणाची केलेली नाही. आर्डिसने ओठ घट्ट मिटून घेतले.

"ते भांडं आता माझ्याने उचलत नाही," बोर्गिल्ड म्हणाली. "तू घेशील का?"

"छे, मला कुठलं जमतंय."

बोर्गिल्डने मान डोलावली. रीतसर चाललं होतं. एक वडी खाऊन झाल्यावर तिने पुन्हा विचारलं, "तुझ्याशिवाय आहे कोण?"

"नको हो, उगाच कशाला. मार्लिस आहे की."

बोर्गिल्डने कप खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारायला श्वास घेतला.

"अहो, ती दोनदा नको म्हणाली," डॉमिनिक कळवळून म्हणाला. "कशाला बिचारीला जबरदस्ती? द्या ना त्या मार्लिसला."

आता विचारावं तर ती जबरदस्ती ठरली, आणि आर्डिसने काही बोलावं तर सगळ्यांदेखत मागितल्यासारखं झालं. बोर्गिल्डने घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. आर्डिस मांडीवरचा हातरुमाल घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. व्हर्लिनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तिला कशाची तरी एवढी आस लागलेली पाहिली नव्हती.

तो उभा राहिला. शर्ट अजून ओला होता.

"तिला हवंय," तो म्हणाला. "खूप दिवसांपासून हवंय. भांडं ठेवायला तळघरात जागासुद्धा करून ठेवलीय तिने."

आर्डिस कानापर्यंत लाल झाली. बोर्गिल्डने व्हर्लिनकडे असं पाहिलं की तो पुन्हा खाली बसला. मग ती आर्डिसकडे वळली.

"तिसऱ्यांदा विचारते."

"आता तुमचा एवढा आग्रहच असेल तर," आर्डिस म्हणाली.

सगळ्यांनी पुन्हा कॉफी घेतली. व्हर्लिनला आपण आज चांगलंच काम केलं असं वाटत होतं, आणि तेवढ्यात बोर्गिल्डनेच विषय काढला. कॉफीला पाणी कुठलं वापरलंस?

"नवा फिल्टर," व्हर्लिन ताठ बसत म्हणाला. "आजच बसवला. मी."

"तळघरातल्या नळाचं," आर्डिस म्हणाली. "नेहमी तेच घेते. नव्या फिल्टरचं पहिलं पाणी करडं येतं, ते झाडांना घातलं."

बोर्गिल्ड विचारात पडली. चर्चच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचाही लाल दिवा लागलाय, ती म्हणाली, जेवणाच्या आत फिल्टर बदलायला हवा. "व्हर्लिन, तुम्ही कराल का?"

व्हर्लिनच्या छातीत ऊब पसरली. शेवटी गुणाची कदर झाली तर. पण रीत ती रीत.

"छे," तो हसून म्हणाला, "मला कुठलं जमतंय."

आणि तो दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला. बोर्गिल्ड हॉगेन एल्म फोर्कमध्ये जन्मली, एल्म फोर्कमध्ये वाढली. दारात आलेल्या पोस्टमनलाही तिने बिस्किटासाठी तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि डॉमिनिककडे वळली.